ड्रायर थांबेपर्यंत एक माळ

माझं नाव विद्युल्लता आणि नवरा मिळाला विजेच्या मोटारी वाइंड करणारा, म्हणजे त्यांत तांब्याची तार गुंडाळणारा. या योगायोगावर अख्खं देवास हसून झालेलं आहे, तेव्हा आपण पुढे जाऊ. नवऱ्याचं नाव भास्कर नेरकर. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण लिहिताना नेरकरच म्हणणार. जे सांगायचंय ते 'अहो' म्हणून सांगता येणार नाही.

नेरकर मूळचे धुळ्याकडचे. सत्याऐंशी साली देवासच्या एका कारखान्यात वाइंडिंगला लागले. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरचे काही जण गावी परतले, काही पीथमपुरला गेले. नेरकरांनी घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं, तांब्याच्या तारेची रिळं खुंटीला टांगली आणि लोकांची जुनी वॉशिंग मशीनं दुरुस्त करायला घेतली. तेव्हापासून माझ्या बैठकीच्या खोलीत पाहुण्यांआधी कुणाचं तरी मशीन बसलेलं असतं.

जुनीच मशीनं का, असं बाहेरचे लोक विचारतात. त्यांना आमचा नळ माहीत नाही. तो एक दिवसाआड येतो, तोही त्याच्या मर्जीने. आपोआप पाणी घेणारी, आपोआप सोडणारी नवी मशीनं ज्याच्या घरी बारा महिने धो धो नळ आहे त्याने घ्यावीत. आमच्याकडे दोन टबांचं मशीनच खरं. एका टबात कपडे धुवायचे, तेच पाणी ठेवून त्यात पायपुसणी काढायची, आणि शेजारच्या टबात पिळायचे. त्या पिळायच्या टबाला सगळे ड्रायर म्हणतात. वाळत त्यात काहीच नाही, गरगर फिरून पाणी तेवढं झटकलं जातं.

अशा मशीनवर तीन नॉब असतात आणि दहा वर्षांत तिन्हींवरची अक्षरं पुसली जातात. मग बायका अंदाजाने फिरवतात. नेरकर प्रत्येक मशीनवर माझ्या नेलपॉलिशने ठिपके काढून देत. एक लाल ठिपका म्हणजे ड्रायर तीन मिनिटं, रोजच्या सुती कपड्यांना. दोन ठिपके म्हणजे पाच मिनिटं, चादरींना. नॉब नेहमी उजवीकडेच फिरवायचा. जास्त फिरला तर उलटा ओढायचा नाही, आतले दात झिजतात, आपसूक उतरू द्यायचा. कपडे ड्रायरमध्ये गोल दाबून बसवायचे, एका बाजूला ढीग केला तर मशीन घरभर चालायला लागतं. हे सगळं ते इतक्या मायेने समजावत की मला कधी कधी राग येई. लग्नाच्या सदतीस वर्षांत माझ्याशी इतकं हळू ते कधी बोलले नाहीत. आणि माझी नेलपॉलिश माझ्या नखांपर्यंत कधी पोचली नाही, ते वेगळंच.

त्यांना एकच गर्व होता. म्हणायचे, माझ्या हातचा ड्रायर बोलत नाही. बेअरिंग बदलून, ग्रीस भरून ते असं काही बसवत की करंट बंद झाल्यावर टब फिरतोय की थांबलाय हे कानाला कळायचं नाही.

आणि एकच खोड होती. पार्ट मिळाला नाही की ते काम अडवून ठेवत नसत. 'डायरेक्ट' करून देत आणि म्हणत, पार्ट सोमवारी येणार आहे. डायरेक्ट म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ड्रायरच्या झाकणाला दोन पहारेकरी असतात. झाकण उचललं की एक बटण करंट तोडतं, आणि एक तार ब्रेक आवळते, म्हणजे टब चार सेकंदांत थांबतो. बटण मोडलं की मेकॅनिक दोन तारा जोडून टाकतात, ब्रेक अडकला की तो ढिला करून सोडतात. मशीन चालतं. पहारेकरी मात्र दोन्ही गेलेले असतात. ब्रेक नसलेला टब बंद केल्यावर मिनिट, दीड मिनिट फिरत राहतो, आणि झाकण निमूट उघडतं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला घरात फक्त एक नियम सांगितलेला होता. ड्रायरचा काटा शून्यावर आला की शंभर आकडे मोजायचे, मगच झाकण उघडायचं. का? तर म्हणे गरम मोटारीला एकदम गार हवा लागणं बरं नाही. मी म्हणायची, घ्या, मोटारीलासुद्धा सर्दी होते. पण मोजायची. धारला दिलेल्या माझ्या लेकीची मुलगी, पाच वर्षांची चिऊ, सुट्टीत आली की स्टुलावर उभी राहून माझ्याबरोबर मोजायची. झाकण उघडण्याचा मान तिचा. हिंदी शाळेतली पोर, मराठी आकडे तिला एकोणतीसपर्यंत येतात, पुढे ती सरळ नव्वदवर उडी मारते. नेरकर येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्याकडून ते म्हणवून घेत आणि पोट धरून हसत.

आता नलिनीकाकू. नलिनीकाकू पोतनीस म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतलं जुनं घर. त्यांचे आजेसासरे संस्थानात दप्तरदार होते. संस्थान गेलं, दप्तर गेलं, काकूंचं सोवळं राहिलं. पूजेचं लुगडं वेगळं धुवायचं, वेगळं पिळायचं, काठीने उचलून उंच दांडीवर वाळत घालायचं, आणि त्याला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. मशीनला त्यांची हरकत नव्हती. ते कुणाला शिवत नाही, असं त्यांचं म्हणणं. हरकत होती ती नेरकरांच्या हाताला. नेरकर हात धुऊन आत जात, तरी त्यांनी काम संपवलं की काकू मशीनवर पाणी शिंपडत. चालू मशीनवर पाणी मारू नका काकू, हे सांगता सांगता नेरकरांचे केस पांढरे झाले.

सहा वर्षांपूर्वी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्या मशीनचा ब्रेक अडकला. मोटार घुमायला लागली, जळका वास घरभर. झाकणाचा दांडाही मोडलेला, त्यामुळे बटण दाबलं जात नव्हतं. उद्या घट बसणार आणि काकूंचं लुगडं ओलं. नेरकरांनी ब्रेक ढिला केला, बटण डायरेक्ट केलं, बेअरिंगला नवं ग्रीस भरलं. मग काकूंना सांगितलं की काटा शून्यावर आला की लगेच हात घालू नका, एक माळ ओढा, मग झाकण उघडा. पार्ट सोमवारी येणार आहे.

काकू खूश झाल्या. म्हणाल्या, भास्करा, बरं झालं, तेवढाच जप होतो. त्यांनी तुळशीची माळ मशीनच्या वर भिंतीतल्या खिळ्याला अडकवून ठेवली. एकशे आठ वेळा रामाचं नाव घ्यायला त्यांना दोन मिनिटं लागत. तोवर टब थांबलेला असे. असे सोमवार तीनशेच्या वर आले आणि गेले. काकूंनी कधी तक्रार केली नाही, त्यामुळे नेरकर विसरून गेले. ब्रेकच्या जागी त्यांनी माळ बसवली होती, आणि ती चालत होती.

यंदा भाद्रपदात काकू गेल्या. झोपेतच गेल्या, नव्वदीला टेकल्या होत्या, कुणाच्या डोळ्यांत फार पाणी नव्हतं. तेराव्याला आम्ही जेवायला गेलो. हात धुवायला नेरकर न्हाणीघराकडे गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी बघायला गेले, तर ते कोपऱ्यात उभे. मशीनची जागा रिकामी, फरशीवर चार गंजके ठसे. वर खिळ्याला माळ तशीच लटकत होती.

काकूंचे चिरंजीव, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणते, मागून आले. त्यांनी सांगितलं की मशीन काकूंच्या नातवाने दहाव्यालाच नेलं, आज त्याला सुट्टी मिळाली नाही. त्यांचा मुलगा स्वानंद पीथमपुरला गाड्यांच्या कारखान्यात आहे, गेल्या वैशाखात लग्न झालं, भाड्याच्या घरात नवा संसार. इथे सोवळं करणारं आता कोण आहे, पडून राहण्यापेक्षा पोरांच्या कामी येईल. नेरकरांनी विचारलं, माळ नाही नेली? दादा हसले. म्हणाले, भास्करराव, आजकालची मुलं कुठे माळ ओढतात.

नेरकर पानावर बसले आणि लाडू तसाच टाकून उठले. गोडाला नाही म्हणणारा हा माणूस नव्हे. मला वाटलं, काकूंची आठवण येत असेल.

घरी येऊन त्यांनी स्वानंदला फोन लावला. मी शेजारीच बसून होते, त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. नेरकरांनी विचारलं, मशीन कसं चाललंय. स्वानंद म्हणाला, "एकदम मस्त काका. आवाजच नाही करत. देवश्री तर म्हणते, चालू आहे की बंद, समजतच नाही."

माझ्या डोळ्यांसमोर नेरकरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाले. स्वानंदला मात्र सांगितलं की परवा येतो, जरा सर्व्हिसिंग करून टाकतो, जुनं मशीन आहे. एवढंच. तोवर ड्रायर लावू नका, हे चार शब्द त्या माणसाच्या तोंडातून निघाले नाहीत. कारण ते सांगितलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. दादांपर्यंत गेलं असतं, मग गल्लीभर झालं असतं. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्या दिवशी इंदूरला जाऊन गुपचूप ब्रेकचा पार्ट आणायचा, तिसऱ्या दिवशी पीथमपुरला जाऊन गुपचूप बसवायचा, असा त्यांचा बेत.

तिसऱ्या दिवशी मीही बरोबर निघाले. मला काही कळलं नव्हतं, पण दोन दिवस हा माणूस जेवत नव्हता आणि रिकाम्या टेबलाशी बसून भिंतीकडे बघत होता. इंदूरला बस बदलली. पीथमपुरच्या बसमध्ये त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्रेक होता, विड्याच्या पानाएवढा. राऊ गाव मागे पडल्यावर त्यांनी तो उघडून मला दाखवला आणि सगळं सांगितलं. ब्रेक, बटण, माळ, सगळं.

मी त्यांना एकच विचारलं की त्या मुलीला लावू नको म्हणून सांगितलंत का. ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि स्वानंदला लावला. घंटी वाजत राहिली. पाळीवर असला की फोन बाहेरच ठेवावा लागतो त्याला. देवश्रीचा नंबर आमच्याकडे नव्हता. दादांना लावला, तो लागेना. मग मी फोन मांडीवर ठेवला आणि बसले. कंडक्टर तिकीट विचारत होता, बाहेर सोयाबीन कापणीला आलेलं पिवळं रान होतं, आणि माझ्या डोक्यात एकच चाललेलं की आत्ता, या मिनिटाला, तिने काटा फिरवला असेल. मला देवाचं नाव घ्यायचं होतं आणि तेही घेता येईना, कारण नाव घेतलं की माळ आठवायची.

पीथमपुरला कामगारांची दुमजली घरं, सगळी एकाच रंगाची. दार देवश्रीने उघडलं. चोवीस-पंचवीसची मुलगी, मनावर गावात वाढलेली, हसरी. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये, गळ्यातल्या पट्टीत.

ती गडबडून बोलायला लागली, जणू पाहुण्यांसमोर तिचं काही चुकलं होतं. कालची संध्याकाळ. माहेरी आपोआप चालणारं मशीन, त्याचं झाकण थांबल्याशिवाय उघडतच नाही. हिला वाटलं झाकण उघडलं म्हणजे थांबलंच. आवाज तर नव्हताच. वाकून आत हात घातला तर ओढणीचं टोक आधी गेलं, मनगटाला वेढा पडला. ओढणी फाटली म्हणून हात आला. मनगटात दोन ठिकाणी मोडलंय, आणि अंगठा हलतोय की नाही ते पट्टी काढल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. शिवणकामाचा तिचा नुकताच क्लास सुरू झाला होता.

"माझीच गलती काका," ती नेरकरांना म्हणाली. "मला हे जुनं मशीन समजतच नाही. हे पण म्हणाले, आजी नव्वद वर्षांच्या होत्या, त्यांना जमत होतं, तुला कसं नाही जमलं."

मी नेरकरांकडे बघितलं. आता बोलतील, असं मला मनापासून वाटलं. ते खाली बघत होते. म्हणाले, मशीन जुनं आहे बेटा, होतं असं कधी कधी. आणि पिशवीतून पाना काढून मशीनकडे गेले.

सदतीस वर्षांत मला त्यांचा राग पुष्कळदा आला, लाज त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. मी त्या मुलीच्या शेजारी बसले, तिचा बरा हात हातात घेतला. म्हणाले, "देवश्री, तुझी चूक नाही. यात ब्रेकच नव्हता. ह्यांनी काढला होता, सहा वर्षांपूर्वी, आणि परवा फोनवर तुम्हाला सांगितलं नाही. स्वानंदला हे असंच सांग."

पान्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. देवश्री माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला रडू आलं, आणि रडता रडता ती म्हणाली की काल रात्री स्वानंद तिच्याशी बोलला नाही.

नेरकरांनी तासाभरात ब्रेक बसवला, बटण नवं लावलं. झाकण उचलून दाखवलं, टब चार सेकंदांत थांबला. पुन्हा दाखवलं, पुन्हा थांबला. बघायला कुणीच नव्हतं, तरी ते आठ-दहा वेळा झाकण उचलत राहिले. निघताना देवश्रीने एका हाताने चहा केला. तो आम्ही प्यायलो, कारण नाही म्हणण्याचं तोंड आमच्याजवळ नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, असे डायरेक्ट किती. वही त्यांनी कधी ठेवलीच नाही. बोटांवर मोजायला लागले. राधागंजमध्ये चार, मोती बंगल्याकडे दोन, टोंकखुर्दला एका मास्तरांचं, एक गिऱ्हाइकाबरोबर धारला गेलेलं. बोटं संपली तरी ते मोजत होते. प्रत्येक घराला त्यांनी काहीतरी मोजायला दिलं होतं. कुणाला माळ, कुणाला शंभर आकडे, एका सासूबाईंना तुळशीच्या पाच प्रदक्षिणा. पार्ट येईपर्यंत वेळ मारून न्यायची, एवढाच त्यांचा हेतू. पण माणसं म्हातारी होतात, सुना येतात, घरं बदलतात, आणि मशीन पुढच्या हातात जाताना मोजणं मागे राहून जातं.

शंभर आकडे, असं ते म्हणाले तेव्हा मी बाहेर बघत होते. इंदूर सोडून बरंच पुढे आल्यावर ते माझ्या डोक्यात शिरलं. दिव्याखालचा अंधार दिसायला वेळ लागतो.

घरी पोचल्यावर चप्पल न काढता मी मागच्या मोरीत गेले. आमचं मशीन तिथे उभं होतं, लाल ठिपक्यांचं, गुणी, न बोलणारं. शेजारी चिऊचं स्टूल. मी काटा थोडासा फिरवला. ड्रायर सुरू झाला. मी झाकण उचललं. टब माझ्या डोळ्यांसमोर फिरत राहिला, त्याच वेगाने, मुकाट. आत टाकलेला नॅपकिन दिसतसुद्धा नव्हता, नुसती पांढरी रेघ. काटा शून्यावर आला तरी तो फिरतच होता.

नेरकर माझ्या मागे दारात येऊन उभे होते.

"आपलंही?" मी विचारलं. "किती वर्षं?"

"अकरा," ते म्हणाले. मग समजूत घातल्यासारखं, बायकांना नॉब समजावताना जसं बोलतात तसं हळू म्हणाले, "पण तू मोजतेस ना."

मी प्लग उपटला आणि त्यांच्याच पक्कडीने वायर कापून टाकली. तेव्हापासून नेरकर रोज सकाळी स्कूटर काढून एकेका घरी जातात, दार वाजवतात आणि पहिलं वाक्य काय बोलायचं ते त्यांना अजून जमत नाही. सात मशीनं सापडली. एक भंगारात गेलं, ते पुढे कुणी घेतलं ते माहीत नाही. दोन घरांचे पत्ते बदललेत. देवश्रीचं प्लॅस्टर पुढच्या आठवड्यात निघेल.

आमच्या मशीनचा पार्ट सोमवारी येणार आहे. दिवाळीला चिऊ येते आहे. काल फोनवर तिने मला आकडे म्हणून दाखवले, आजी ऐक म्हणाली, आता मी एकटी मोजणार. मी ऐकलं. एकोणतीसपर्यंत ती अगदी बरोबर गेली, आणि मग नव्वद.